यावलला केळी कशाला न्यायची? इंग्रजी वाक्प्रचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला माझा संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास आहे. मुलं गावातली येतात, तशी वरणगाव, सावदा, फैजपूर, यावलकडचीही येतात. कुणाला बँकेची परीक्षा द्यायचीय, कुणाला पुण्यात नोकरी लागलीय आणि पहिल्या मीटिंगच्या धास्तीने झोप नाही. दोघी-तिघी आया पोरांना इंग्लिश मीडियमला घालून आता स्वतःच अभ्यासाला बसल्यात. व्याकरण बहुतेकांचं बरं असतं, गाडी अडते ती वाक्प्रचारांपाशी. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिलेत. आधी कानाला ओळखीचे होऊ देत, स्पेलिंग काय, डिक्शनरीत सापडतं.

वाक्प्रचार म्हणजे 'इडियम'च ना? मग म्हण कुठली आणि 'फ्रेजल व्हर्ब' कुठलं?

'चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला' हे वाक्य एखाद्या परभाषिकाला शब्दाशब्दाने समजावून बघा. हात कळेल, तूरही कळेल, पण जळगावच्या डाळ मिलमध्ये नेऊन दाखवलीत तरी चोर कसा पळाला ते काही कळायचं नाही. शब्दांची बेरीज एक आणि अर्थ भलताच, असं जिथे होतं तो वाक्प्रचार. म्हण हे आख्खं वाक्य असतं, ती जशीच्या तशी फेकायची. वाक्प्रचार आपल्या वाक्यात मिसळून जातो आणि त्याचं क्रियापद काळाप्रमाणे बदलतं.

'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'रन आउट ऑफ' ही फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापदाला शेपूट. खरं सांगू? रोजच्या बोलण्यात तीच जास्त लागतात. ती कच्ची असतील तर हे पान बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याकडे बघा.

किती वाक्प्रचार पाठ करावेत? दुकानात हजार-हजार वाक्प्रचारांची पुस्तकं मिळतात.

ती पुस्तकं परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी ठीक. बोलायला शिकायचं असेल तर माझ्या मते तीस-चाळीस पुरे, पण ते असे हवेत की समोरचा माणूस आजही खरोखर बोलतो. ऑफिसात पहिल्या महिन्यातच कानावर पडतील असे काही सांगते.

'अंडर द वेदर' म्हणजे अंगात कसर असणे. 'कीप मी इन द लूप', मलाही कळवत राहा. 'वी आर ऑन द सेम पेज', आपलं दोघांचं एकच म्हणणं आहे. 'द बॉल इज इन युवर कोर्ट', आता पुढचं पाऊल तुम्ही उचलायचं. 'बॅक टू स्क्वेअर वन', पुन्हा श्रीगणेशा. 'लेट्स कॉल इट अ डे', आजच्यापुरतं पुरे. हे शेवटचं वाक्य कॉलवर ऐकून आमच्या एका विद्यार्थ्याने कॅलेंडर उघडलं होतं. आज कुठला 'डे' आहे ते बघायला!

उलट पाऊस आला की 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणायला आपल्याला शाळेत शिकवलं. आज इंग्लंडमधला माणूस साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतो. ते कुत्र्या-मांजरांचं समजलं तरी पुष्कळ, वापरायची गरज नाही.

पाठ केलेले वाक्प्रचार आठ दिवसांत विसरायला होतात. काय करावं?

यादी पाठ केली की असंच होणार. वाक्प्रचार आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी कुठेतरी काम करत होतं आणि त्या कामातला एखादा शब्द गावभर झाला. तो माणूस आणि त्याचं काम डोळ्यापुढे आणलं की अर्थ चिकटून राहतो. आणि ही कामं बघायला लंडनला जावं लागत नाही, आपल्या खान्देशात फिरलं तरी भागतं.

जळगावच्या सराफ बाजारातला जुना सराफ आठवा. तो दागिना काळ्या दगडावर घासायचा, पिवळी रेघ उमटायची. त्या रेघेवर तो नायट्रिक ॲसिडचा थेंब सोडायचा. सोनं असेल तर रेघ जागच्या जागी राहते, तांबं-पितळ असेल तर विरघळून जाते. आता बहुतेक दुकानांत मशीन आलंय, पण भाषेत तो दगडही राहिला आणि तो थेंबही. मराठीने दगड उचलला, 'कसोटीला उतरणे'. इंग्रजीने थेंब उचलला, 'ॲसिड टेस्ट'. 'द फर्स्ट मॉन्सून विल बी द ॲसिड टेस्ट फॉर धिस रोड' म्हणजे पहिल्या पावसातच या रस्त्याची खरी परीक्षा. सराफाचा थेंब एकदा डोळ्यांपुढे आला की हा वाक्प्रचार कुणीही विसरत नाही, निदान माझ्या वर्गात तरी.

दुसरी जागा सारंगखेडा. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार लागतो. घेणारा आधी काय करतो? घोड्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि मग अंगठ्याने त्याचा ओठ वर करून दात बघतो. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के दात येतात. पुढे वय वाढेल तशी हिरडी मागे सरते आणि दात लांब दिसायला लागतात. विकणारा वय काहीही सांगो, तोंड खोटं बोलत नाही. आता बघा, एका ओठाखाली तीन वाक्प्रचार सापडतात. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', भेट मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नका. आपल्याकडे यावर 'धर्माची गाय आणि दात का नाय' अशी म्हण आहेच, जनावर तेवढं बदललं. 'लाँग इन द टूथ' म्हणजे वय झालेला. आणि 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' म्हणजे खुद्द ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून, हा मात्र घोड्यांच्या शर्यतीच्या टिपांवरून आला असं मानतात. ज्याच्या घरी बैलजोडी आहे त्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. दोनदाती, चारदाती हे त्याला आधीच पाठ असतं.

तिसरी जागा आमचं भुसावळ जंक्शन. वाफेची इंजिनं गेली, वाफ भाषेत राहिली. 'रन आउट ऑफ स्टीम' म्हणजे दम संपणे, जोर ओसरणे. 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे मनातला राग, तणाव बाहेर काढून मोकळं होणे. बॉयलरमधला जादा दाब सोडतात तसं. याची गल्लत आपल्या 'तोंडची वाफ दवडणे'शी करू नका, ते फुकट बोलणं. 'लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल' इगतपुरी सोडून कसाऱ्याकडे उतरताना बोगद्यात ज्याने खिडकीतून मान काढलीय त्याला कळतो. मराठीनेही रेल्वेकडून पुष्कळ घेतलंय. मंजुरीला आपण 'हिरवा कंदील' म्हणतो, इंग्रजीत 'ग्रीन लाइट'. संसाराची गाडी रुळावर येते, त्यांचं 'बॅक ऑन ट्रॅक' होतं.

एक सापळा मात्र आहे. 'ट्रेन ऑफ थॉट' म्हणजे विचारांची मालिका, तिचा आगगाडीशी संबंध नाही. 'ट्रेन' म्हणजे मागोमाग येणारी रांग हा अर्थ जुना. इंग्रजी पुस्तकात हा प्रयोग 1651 मध्ये छापलेला आहे, आणि बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती 1853 साली.

वाक्प्रचारांच्या जन्मकथा व्हॉट्सॲपवर येतात, त्या खऱ्या असतात का?

पुष्कळशा रचलेल्या असतात. पूर्वी इंग्लंडात गवताची छपरं होती, कुत्री-मांजरं त्यावर झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची, ही कथा तुम्हालाही आली असेल. भिजलेल्या छपरावर कुत्रं मुळात झोपेल कशाला, एवढा विचार केला तरी पुरे. हा वाक्प्रचार नेमका कुठून आला ते अभ्यासकांनाही सांगता आलेलं नाही. कथा लक्षात ठेवायला उपयोगी पडते तोवर वापरा, पण इतिहास म्हणून कुणाला ऐकवू नका.

काहींचा माग मात्र चांगला लागतो. 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे दिसूनही न दिसल्यासारखं करणे, याच्याशी ब्रिटिश आरमारातल्या नेल्सनची हकिगत जोडतात. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला, तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली आणि 'मला तर काही दिसत नाही' म्हणाला. आपण तेवढ्यालाच 'काणाडोळा करणे' म्हणतो. दुर्बिणीविना.

मराठी वाक्प्रचाराचं सरळ इंग्रजी करून चालतं का?

कधी कधी चक्क चालतं. आगीत तेल ओतणे, नाक खुपसणे, मगरीचे अश्रू, लोणी लावणे यांना इंग्रजीत जवळजवळ तेच चित्र आहे. फक्त आगीत तेलाऐवजी 'फ्युएल' पडतं आणि लोण्याचं 'बटर अप' होतं. 'कुंपणावर बसलेले' आणि 'पेल्यातलं वादळ' हे तर आपण त्यांच्याकडूनच घेतले, आता ते मराठी वर्तमानपत्रांत घरच्यासारखे वावरतात.

'कॉट रेड-हँडेड' आणि 'रंगेहाथ पकडला' ही जोडी माझी आवडती. इंग्रजीतले हात रक्ताने लाल आहेत, खुन्याचे. आपल्याकडे तलाठी किंवा कुणी बाबू लाच घेताना सापडतो तेव्हा नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावलेली असते, आणि सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवली की ते पाणी गुलाबी होतं. वाक्प्रचार शब्दशः खरा झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

चित्र वेगळं पण अर्थ एकच, अशाही जोड्या आहेत. आपल्या मनात पाल चुकचुकते, त्यांना उंदराचा वास येतो, 'स्मेल अ रॅट'. आपण कच खातो, त्यांचे पाय गार पडतात, 'गेट कोल्ड फीट'. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो, ते 'वन्स इन अ ब्लू मून'. हल्ली एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये अशा दोन आल्या होत्या, पहिली अधिक श्रावणाची आणि दुसरी राखीची. हा योग अडीच-तीन वर्षांनी येतो, म्हणजे जवळपास आपल्या धोंड्याच्या महिन्याइतकाच. जावयांना विचारा, तो काही फार दुर्मीळ वाटत नाही त्यांना.

धोका आहे तो शब्द सारखे आणि अर्थ वेगळा असलेल्यांचा. 'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. साहेब हसून 'आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग' म्हणाले आणि आमचा पोरगा आठवडाभर त्यांच्याशी धड बोलला नाही. तसंच 'गिव्ह समवन ॲन इअरफुल' म्हणजे चांगलं फैलावर घेणे, कान भरणे नव्हे.

आणि 'डोकं खाऊ नको'चं 'डोन्ट ईट माय हेड', 'तुझ्या बापाचं काय जातंय'चं 'व्हॉट गोज ऑफ युवर फादर' हे मित्रांत म्हणा, मजा येते. बाहेरच्या माणसापुढे नको. 'आय पास्ड आउट इन 2022' हेही जपून. अमेरिकन माणूस विचारेल, 'चक्कर कशाने आली होती?'

केळी, कापूस अशा आपल्याकडच्या पिकांवरून इंग्रजीत काही आहे का?

आहे ना. 'गो बनानाज' म्हणजे डोकं फिरल्यासारखं करणे, रागाने किंवा आनंदानेही. 'बनाना रिपब्लिक' हा शब्द एका अमेरिकन कथालेखकाने होंडुरासमधल्या अनुभवावरून 1904 साली वापरला. एकाच पिकावर आणि परक्या कंपन्यांच्या मर्जीवर चालणारा दुबळा देश असा त्याचा अर्थ. रावेर-यावलकडची मुलं हे ऐकून जरा गंभीर होतात, आणि व्हावंच. घडाचा भाव दुसऱ्याने ठरवणं म्हणजे काय, ते त्यांच्या घरात कुणाला समजवावं लागत नाही.

कापसाचे दोन आहेत, दोन्ही ब्रिटिश वळणाचे. 'कॉटन ऑन' म्हणजे ध्यानात येणे. 'रॅप समवन इन कॉटन वूल' म्हणजे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं फाजील जपणे. आपण तळहातावरच्या फोडासारखं म्हणतो, पण आपल्या शब्दांत माया जास्त आणि त्यांच्या शब्दांत टोमणा जास्त.

'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' हा शिकवताना मला फार कष्ट पडायचे. न्यूकॅसल हे इंग्लंडमधलं कोळशाचं जुनं बंदर, तिथून जहाजं भरभरून कोळसा लंडनला जायचा. मग तिथेच कोळसा घेऊन जाणं म्हणजे निव्वळ निरर्थक खटाटोप. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे यावलले केया लइ जाना, नही का मॅडम?" तेव्हापासून आमच्या वर्गात न्यूकॅसलचं नाव निघत नाही.

वाक्प्रचार चुकीच्या जागी वापरला तर एवढं काय बिघडतं?

'किक द बकेट' म्हणजे मरणे, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. अर्थ बरोबर, पण तो शब्द कसल्या तोंडचा हे कुणी लिहीत नाही. 1785 च्या इंग्रजी बाजारू शब्दांच्या कोशात तो सापडतो, यातच काय ते आलं. मराठीत आपण माणूस वारला, गेला, देवाघरी गेला म्हणतो, आणि 'गचकला', 'खपला'ही म्हणतो. साहेबांचे वडील वारल्यावर 'तुमचे वडील गचकल्याचं कळलं' असं कुणी लिहील का? 'किक द बकेट' म्हणजे गचकणे. शोकसंदेशात 'पास्ड अवे' लिहा.

माझी स्वतःची फजिती 'टेबल'ची. पुण्यातल्या एका कंपनीत असताना अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉल होता. तिकडचे साहेब म्हणाले, 'लेट्स टेबल दिस.' आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आकड्यांचा तक्ता हवाय. रात्री दोनपर्यंत जागून एक्सेलमध्ये रंगीबेरंगी टेबल केलं. शेजारच्या टीममधला एक मुरलेला सहकारी म्हणाला, "तक्ता कसला, विषय चर्चेला घेऊ म्हणाले ते." म्हणून चर्चेचे मुद्देही तयार केले. दुसऱ्या दिवशी साहेब चकित. अमेरिकेत 'टेबल' म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणे. ब्रिटनमध्ये बरोबर उलटं, चर्चेसाठी मांडणे, जसं आपण विधानसभेत अहवाल 'पटलावर ठेवतो'. पुढे वाचलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी याच शब्दावरून हमरीतुमरीवर आले होते, आणि ते खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. जरा बरं वाटलं.

वाक्प्रचारातला एखादा शब्द बदलला तर चालेल का?

नाही. 'पीस ऑफ केक'चा 'पीस ऑफ पेस्ट्री' होत नाही, 'कॅट्स अँड डॉग्ज'चा क्रम उलटा होत नाही, आणि पाय एकच ओढायचा, 'लेग', 'लेग्ज' नाही. क्रियापदाचा काळ बदला, 'माय'चं 'हिज' करा, बस. कर्मणी प्रयोगाच्या वाटेला जाऊ नका. 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हणजे गुपित फुटलं, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की खरीखुरी बादली लवंडते, माणूस जिवंत राहतो.

स्पर्धा परीक्षांसाठी काय वाचावं?

पोलीस भरतीला मराठी वाक्प्रचार लागतात, इंग्रजी नाही. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या इंग्रजीत आणि एसएससीच्या, म्हणजे दहावीच्या नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पेपरांत इंग्रजी वाक्प्रचार असतात. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवा, तेच तेच फिरून येतात: 'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटवणे, 'व्हाइट एलिफंट' म्हणजे पांढरा हत्ती, 'बर्न द मिडनाइट ऑइल' म्हणजे रात्रीचा दिवस करणे. चार पर्यायांत शब्दशः अर्थाचा पर्याय बहुधा फसवायला ठेवलेला असतो, तो आधी खोडा.

परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनो, 'इडियमॅटिक' बोलणाऱ्याला चांगला बँड, म्हणजे श्रेणी, मिळतो हे खरं. पण त्याचा अर्थ सहज, घरच्या वळणाचं बोलणं. प्रत्येक उत्तरात एक वाक्प्रचार ठोकून बसवला तर परीक्षकाला लगेच कळतं.

घरी अहिराणी बोलतो, शाळा मराठीतून झाली. आमचं इंग्रजी कच्चंच राहणार का?

घरी 'काय करी ऱ्हायना?' आणि सरांपुढे 'काय करताय?' हे तुम्ही लहानपणापासून न चुकता करता. कुठल्या माणसापुढे कुठला शब्द काढायचा, हीच वाक्प्रचारांतली अवघड गोष्ट, आणि ती तुम्हाला येते. लेवा गणबोली बोलणाऱ्यांचं तेच, सातपुड्यातल्या पावरी-भिलीवाल्यांचंही तेच. एकच भाषा येणाऱ्या शहरी मुलांना मी हे समजावताना घसा कोरडा करते.

समोरच्याने वाक्प्रचार वापरला आणि तो कळलाच नाही तर?

मान डोलावू नका. मी डोलावली होती, रात्री दोनपर्यंत जागले. सरळ विचारा, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' आमच्या एका मुलीने नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी असं विचारलं, तेव्हा तिच्या मॅनेजरने अर्थ सांगितला आणि वर विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तिने सांगितलं. आता त्या ऑफिसात दोन दाक्षिणात्य आणि एक पंजाबी माणूस कामात खोडा पडला की 'माशी शिंकली' म्हणतात. उच्चार भयंकर आहेत म्हणे.